गॅरेजकट्टा : ह्यांची एमजी की लेकाची पोर्शे?

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण गंगापूर रोडच्या एका पत्राने बहुतेक जागा खाल्ली. बाकीच्यांनी रागावू नये. त्यांचे नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : काका, आमच्या घरात रोज रात्री जेवताना एकच भांडण असतं. ह्यांच्याकडे त्यांच्या मामांची १९५२ ची एमजी टीडी आहे. देवळाली कॅम्पच्या बंगल्यातून आलेली, हिरवी, दोन सीटची, वरून उघडी. मुलाने तीन वर्षांपूर्वी पोर्शे ९११ कॅरेरा घेतली. तो म्हणतो, "बाबा, तुमच्या गाडीला रिक्षा ओव्हरटेक करते." हे म्हणतात, "तुझी गाडी तू चालवतोस, की ती तुला फिरवून आणते?" तुमचा शब्द दोघांनाही मान्य आहे, तर कोणती सरस ते एकदाचं लिहून टाका. आणि आता माझा प्रश्न. मी वीस वर्षं वॅगन आर चालवतेय. या दोन्हींपैकी एक तरी मला चालवायची आहे, पण दोघंही किल्ली देत नाहीत. कोणती शिकू?
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, लेकाचं म्हणणं आधीच कबूल करतो, म्हणजे तो पुढचं वाचेल. आकड्यांत ही कुस्ती लागतच नाही. टीडीचं इंजिन १२५० सीसी, चार सिलेंडर, ताकद ५४ हॉर्सपॉवर. ताशी ९५ किलोमीटर गाठायला तिला वीसेक सेकंद लागतात आणि सव्वाशेच्या आसपास तिचा दम संपतो. तुमच्या लेकाच्या कॅरेराचं इंजिन २९८१ सीसी, सहा सिलेंडर, तीन-तीन समोरासमोर आडवे निजवलेले, दोन टर्बो, ३८५ हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर ४.२ सेकंदांत. कमाल वेग ताशी २९३. आपल्या समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, म्हणजे त्या गाडीचा अर्ध्याहून जास्त वेग कायद्याने कपाटात ठेवायचा.

रिक्षाचं मात्र खोटं आहे. नीट जुळवलेली टीडी रिक्षाला मागे टाकते. टाकत नसेल तर तिचे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारी भांडी, बिघडलेत. तिला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. हल्ली त्यासाठी मीटर मिळतो. मी अजून हातभर रबरी नळी वापरतो. एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. एकीकडे 'स्स' येतं, दुसरीकडे 'श्श'. मग मधला दांडा सैल करून स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. दोन्हीकडून एकच आवाज आला की इंजिन आपोआप शांत होतं, बोनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास थरथरायचा थांबतो. या कामाला मला वीस मिनिटं लागतात आणि गॅरेजातला पंखा बंद करावा लागतो. ह्यांना सांगा, एखाद्या सकाळी घेऊन या.

येताना स्वतःचे पाने आणू नका म्हणावं. त्या इंजिनाची गंमत अशी की नटबोल्टचे आटे मिलिमीटरचे आणि डोकी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची. ज्या कारखान्याकडून हा वारसा आला तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला. मशिनरी फ्रेंच मापाची, गिऱ्हाईक इंग्रज मापाचं, म्हणून हा धेडगुजरी तोडगा. मिलिमीटरचा पाना लावून डोकी गोल करून ठेवलेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात. त्यांचे मालक शेजारी उभे राहून 'आधीच्या मेकॅनिकने केलं' असं सांगतात.

आता मुद्द्याचं. मी आयुष्यभर गाड्या पळवल्या कमी, थांबवल्या जास्त. उस्तादांनी मला पहिले सहा महिने ब्रेकशिवाय कशाला हात लावू दिला नव्हता. त्यामुळे मी गाडी जोखतो ती उतारावर.

१९८४ ची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा. अशीच एक टीडी मुंबईला लग्नासाठी पोचवायची होती. तुमची नव्हे, ती लाल होती. उस्ताद शेजारी बसले होते. इगतपुरी सोडली, कसारा घाट सुरू झाला आणि मी गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं म्हणून तेव्हा सगळेच करायचे, मीही शहाणा. पहिल्या दोन वळणांना पेडल दगडासारखं घट्ट होतं. तिसऱ्याला ते बोटभर खाली गेलं. मला वाटलं, भास. मग वास आला. ब्रेक लायनिंगचा वास एकदा घेतला की विसरत नाही, केस जळाल्यासारखा आणि त्यात डांबर मिसळल्यासारखा. चौथ्या वळणाला पेडल अर्ध्यावर गेलं आणि गाडी वळण संपल्यावर हळू झाली, आधी नाही. समोरून ट्रक चढत होता. उस्तादांनी विडी दारावर विझवली आणि एवढंच म्हणाले, "रेस दे, तिसरा घाल." मी ॲक्सिलरेटर दाबला, तिसरा घातला. इंजिन ओरडलं, गाडीला मागून कुणीतरी धरल्यासारखं झालं आणि आम्ही तसेच ओरडत कसाऱ्यापर्यंत उतरलो.

खाली झाडाखाली गाडी लावली. मी बादली घेऊन ड्रमवर पाणी मारायला निघालो तर त्यांनी मनगट धरलं. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर पाणी पडलं की तो तडकतो. अर्धा तास नुसते बसून राहिलो. मग ते म्हणाले, "गाडीने तुला तीनदा सांगितलं. तू कितव्यांदा ऐकलंस?"

टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं, उष्णता आत कोंडते. पातेलं तापून फुगतं, आतले ब्रेक शू त्याच्यापर्यंत पोचायला जास्त फिरतात, लायनिंगची पकड तापल्यावर सैल होते, आणि हे सगळं पायाला पेडलमधून कळत राहतं. आधी बोटभर, मग अर्धं. नाकालाही कळतं. गाडी ५० च्या वेगात असतानाच तक्रार सुरू करते, म्हणजे ऐकणाऱ्याला वेळ मिळतो. मला मिळालेला मी वाया घालवला, ती चूक माझी.

गेल्या पावसाळ्यात त्याच घाटात तुमच्या लेकासारख्याच कॅरेरातून उतरलो. गाडी गिऱ्हाइकाची, चालवत तो होता. घोटीपासूनच पाऊस असा की वायपर हरले होते. समोर काट्यांच्या मध्ये सूचना आली, रस्ता ओला आहे, वेट मोड लावा. त्या गाडीत पुढच्या चाकांच्या कमानीत कान बसवलेत. चाकाखालून उडणारं पाणी पत्र्यावर आपटतं त्याचा आवाज ऐकून ती ओळखते. मला हे फार आवडलं. माझी रबरी नळी आणि तिचे कान, शेवटी एकाच जातीचे. त्याने मोड लावला आणि आम्ही उतरत राहिलो. बोलता बोलता मी काचेबाहेर पाहिलं तर शेजारच्या लेनमधला ट्रक मागे मागे सरकत होता. मला वाटलं तो थांबलाय. तो चांगला चालला होता. आम्ही त्या पावसात शंभराच्या जवळ होतो आणि माझ्या पाठीला, पायाला, नाकाला, कशालाच ते कळलं नव्हतं. उतरल्यावर मी सवयीने चाकाजवळ वाकून वास घेतला. ओल्या रबराचा होता, बस्स. ३३० मिलिमीटरच्या उघड्या डिस्क आहेत, आतून हवा खेळते, त्यांना कसारा म्हणजे सोसायटीतला स्पीड ब्रेकर.

तर लेकाला माझा शब्द असा. थांबायच्या बाबतीत तुझी गाडी वडिलांच्या गाडीच्या दहा पावलं पुढे आहे. पण ती सोसत राहते आणि बोलत नाही. तिचं सोसणं संपतं तेव्हा तू दीडशेच्या वर असतोस. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलास. तुझी गाडी दीड टनाची, टीडी नऊशे किलोच्या आसपास. ती साठने जाताना तिच्यात जेवढा जोर असतो, त्याच्या साडेसहापट तुझ्या गाडीत १२० ला असतो. तो जोर तुला कुठेच जाणवत नाही. ताशी किती हे तुला काटा वाचूनच कळतं, आणि वळणावर काटा कोण वाचतं?

ह्यांनाही सोडत नाही. तुमच्या गाडीला पट्टे नाहीत, एअरबॅग नाही. बॉडी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली आहे आणि स्टिअरिंगचा दांडा तुमच्या छातीच्या दिशेने रोखलेला आहे. दारं मागून बिजागरी लावलेली, म्हणजे चालत्या गाडीत खटका सुटला तर वाऱ्याने सताड उघडणार. हेडलाइट म्हणजे कंदील. सकाळी सहाला त्र्यंबक रोडला फिरवा, समोरची काच आडवी पाडा, अंजनेरी डोळ्यांत घ्या, मी तुमच्यासारखाच खूश आहे. पण रात्री हायवेला नेत असाल आणि 'आमच्या काळी' म्हणून समर्थन करत असाल, तर या वादात मी लेकाच्या बाजूने. दोघांना धुळ्याला लग्नाला जायचंय आणि परतायला रात्र होणार, तर पोर्शेत बसा, निमूट.

एक गोष्ट मात्र तराजूत टाकलीच पाहिजे. कॅरेराचं काही बिनसलं की ती फ्लॅटबेडवर चढून मुंबईला जाते. तेल किती आहे हे बघायलासुद्धा तिला काडी नाही, स्क्रीनला विचारावं लागतं. टीडीचं बुश झिजलं तर अंबडला लेथवर तासाभरात करून मिळतं. तिचा पेट्रोलपंप वाटेत रुसला तर पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारायची, आतले पॉइंट सुटतात आणि टिकटिक पुन्हा सुरू. एप्रिलच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडली तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून रसवंती गाठायची. एक ग्लास संपेपर्यंत गाडी तयार. कुणाला हा त्रास वाटतो, कुणाला रविवार वाटतो. मला काय वाटतं ते तुम्हाला कळलंच असेल.

आता ताई, तुमचा प्रश्न. पत्रात तोच खरा होता.

आधी टीडी शिका. वीस वर्षं वॅगन आर चालवली म्हणजे तुमचा क्लचचा पाय तयार आहे, जो तुमच्या लेकाचा आता राहिला नसेल. त्याच्या गाडीत आठ गिअर आपले आपण बदलतात. रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूने गिरणाऱ्याकडे काढा, द्राक्षाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. किल्ली फिरवली की पंपाची टिकटिक ऐका. आधी भरभर होईल, मग मंदावेल, मग थांबेल. थांबली म्हणजे पेट्रोल पोचलं. चोकची घुंडी ओढा, मग स्टार्टरची घुंडी ओढा. हो, ओढायची. बटण नाही. पहिला गिअर गाडी पूर्ण उभी असतानाच घाला. चालत्या गाडीत पहिला घातला की दात किरकिरतात, कारण पहिल्याला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आधी जुळवून घेणारी सोय, नाही. पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका, तो नाहीच. एक हिरवा दिवा आहे. तो लागला की पंप गाठा, वाद घालू नका.

ब्रेक वॅगन आरच्या दुप्पट अंतरावरून लावा. उतारावर चढणीच्याच गिअरमध्ये उतरा. ह्यांना शेजारी बसवायला हरकत नाही, पण हँडब्रेकवर हात ठेवू देऊ नका.

महिनाभराने पोर्शे मागा. ती चालवणं तुम्हाला फार सोपं वाटेल. तेवढ्यात काटा बघा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी फियाट ११०० आहे. आता सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. घरी उसाची शेती असल्याने विरोध करायला जीभ रेटत नाही, पण गाडी हल्ली धक्के देते आणि पेट्रोलचा वास येतो. काय करू?
एक ऊस उत्पादक, निफाड

उत्तर : वास येतोय तर आधी गाडी बंद ठेवा आणि आजच रबरी नळ्या बदला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ होतं, मग झिरपतं. गरम इंजिनावर झिरपलं तर काय होईल ते मी लिहीत नाही. इथेनॉलला चालणारी नळी मागा, दुकानदार 'सगळ्या सारख्याच' म्हणाला तर दुसरं दुकान. धक्क्यांचं कारण दोनपैकी एक. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, येऊन बसतो, किंवा मिश्रण पातळ झालंय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे त्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. टाकी उतरवून धुवा, फिल्टर टाका, मग जेट बघू. आणि महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत हे पेट्रोल ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते. हा सल्ला टीडीवाल्यांनाही.

प्रश्न : जुन्या गाडीला व्हिंटेजचा वेगळा नंबर घ्यावाच लागतो का? एजंट घाई करतोय.
एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : एजंटाची घाई एजंटाची. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी कापाकापी केलेली चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायची ५,०००. मेख अशी की अशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तुम्ही तिच्यातून भाजी आणत असाल तर विचार करून सही करा. इंग्लंडमधले कर्मठ लोक १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. त्यांच्या हिशेबात १९५२ ची टीडी म्हणजे कालचं पोर.

प्रश्न : आमच्या घरातून तुम्हाला एक पत्र गेल्याचं कळलं. टीडीची किल्ली द्यायला माझी हरकत नाही. पण त्या गाडीचा क्लच नाजूक आहे आणि नवशिक्या पायाने तो जाईल, एवढीच काळजी. हे तुम्ही बायकोला समजावून सांगाल का?
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : साहेब, पत्त्यावरून ओळखलं. क्लच प्लेट अजून बनते, इंग्लंडहून येते, ती काळजी सोडा. त्या गाडीत क्लच दाबणारं बेअरिंग छऱ्यांचं नसतं, कार्बनच्या कड्याचं असतं. ते गिअर बदलताना झिजत नाही म्हटलं तरी चालेल. ते झिजतं सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिल्याने आणि चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवल्याने. पेडल हाताने दाबून बघा, पाऊण इंच मोकळं हललं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. हलत नसेल तर प्लेट झिजलीय आणि बेअरिंग सतत घासतंय, आणि मामांनंतर ती गाडी तुमच्याशिवाय कुणी चालवलेली नाही. पेडल किती हलतं ते ताईंसमोर मोजा आणि आकडा मला कळवा.